जुनी वाळू

ता. १९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. बाबा जेवतात, फिरून येतात, बीपी आटोक्यात आहे. एवढं तुला कळवायचं असतं, कळवलं.

"बाबा माझा फोन का घेत नाहीत?" असं विचारलंयस. मला विचारलंयस. बारा वर्षं हेच चाललंय. तुझं सगळं माझ्यामार्फत.

पाचशे लिटरची माशांची नवी टाकी तू बाबांच्या वाढदिवसाला पाठवलीस. कुणाला विचारून? चार हमाल लागले. दाराची चौकट खरवडली गेली. माझं शिलाई मशीन गॅलरीत गेलं. बाबा काचेवरून हात फिरवत म्हणाले, "बघ, लक्षात ठेवतो तो." दर आठवड्याला मिठाचं पाणी कालवते मी, काचेवरचं शेवाळ खरवडते मी. लक्षात ठेवतोस तू.

जुन्या छोट्या टाकीतलं सगळं नव्या टाकीत हलवायचा दिवसही तुझ्या सुट्टीचा ठरला. फोन पुस्तकांना टेकवून ठेवलेला, त्यातून तुझे हुकूम. "आधी खडक. प्रवाळ हवेत धरू नकोस. अगं, हळू!" चौदा बादल्या मी उचलल्या. बाबा स्टुलावर बसून माशांच्या बादलीशी बोलत होते, "झालंच रे, मोठ्या घरात जायचंय." नारिंगी जोडी अकरा वर्षांची होती. बाबांनी पाण्यात बोट घातलं की येऊन टोचायची.

शेवटी जुन्या टाकीच्या तळाशी वाळू उरली. चार बोटं थर. वर पांढरा, खाली काळा, सडक्या अंड्यांचा वास. बाबा थबकले. "ही घालायची का गं? दुकानदार काही म्हणाला होता?"

तू मध्येच बोललास, "घाला बाबा, सगळी घाला. तिच्यात जीव असतो. नवी वाळू म्हणजे नुसता दगडाचा चुरा."

बाबा माझ्याकडेच बघत होते.

मी म्हणाले, "दादाला विचारा. टाकी त्याची आहे."

आणि घमेल्याने ओतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दुधासारखं झालं होतं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. बाबा कोपरापर्यंत हात घालून उभे होते. कशासाठी, त्यांनाही माहीत नसावं. मी निम्मं पाणी बदललं. मंगळवारी जोडी गेली. प्रवाळांचं मांस सोलून निघालं, आत पांढरी हाडं. बाबा म्हणाले, "त्याला तिथे बसून काय कळणार? मूर्ख मी, ऐकलं त्याचं." तेव्हापासून तुझा फोन वाजतो आणि ते वर्तमानपत्र उलटतात.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इथेच थांबणार होते.

माहीत नसताना तू बोलायला नको होतंस. माझा राग तिथेच आहे, कमी झालेला नाही. पण मला माहीत होतं.

मीठ आणायला गेले तेव्हा दुकानदाराने दोनदा बजावलं होतं. "ताई, जुनी वाळू अजिबात नाही. वरची मूठभर घ्या विरजणापुरती, बाकी फेकून द्या. खालचं काळं उपसलं की विष सुटतं." नव्या वाळूच्या दोन गोणी मी घेऊनही आले होते. बाबांनी विचारलं तेव्हा त्या गॅलरीत मशीनमागे होत्या. अजून आहेत. शिवलेल्या तोंडाच्या.

तू एकदा तरी त्यांच्यासमोर चुकावंस, एवढंच हवं होतं. दुकानदार वाढवून सांगतो, दोन दिवस पाणी गढूळ होईल, तुझी जिरेल, मग मी निस्तरेन, असं मनाशी म्हटलं. आणि बाबा तुला बोलले तेव्हा, टाकीत मेलेले मासे तरंगत असताना, मला बरं वाटलं.

उद्या सकाळच्या चहाला मी त्यांना सांगणार आहे. हे तुझ्या हाती पडल्यावर आठवडाभर वाट बघ. त्यांचा फोन आला, तर समज, सांगितलं. नाही आला, तर माझी हिंमत झाली नाही. मग हेच पत्र दुसऱ्या पाकिटात घालून बाबांच्या नावाने पाठव. पाकीट मी त्यांच्या हातात देईन आणि ते वाचत असताना समोर बसेन. तेवढं जमेल.

तुझ्यावर अजून चिडलेली,
धाकटी