यादीतलं नाव

सोमवार, ३

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही! तिन्ही एकाच दिवशी सुरू झाल्यामुळे आज स्वारी खुशीत आहे. कारखाना चष्म्याच्या काचा घासण्याचा. जिन्याच्या टोकाला माझी खोली. खालच्या मोठ्या यंत्राला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर आणि मी, एवढीच इथली वस्ती. आधीचे कॉम्प्युटरवाले नोकरी सोडून गेले, पण त्यांचा निळा कोट अजून खुंटीवर आहे.

सातला ताईचा फोन. आई-बाबा गेल्यापासून रोज सातला येतो. चाळिशी आली तरी मी तिचा ढब्बूच. या हाकेनं मला ओळखणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय.

मंगळवार, ४

फर्मवेअर, म्हणजे कॉम्प्युटर जागा होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. तो अपडेट केला आणि कॉम्प्युटर रुसून बसला. काळ्या पडद्यावर एकच ओळ : सही ओळखीची नाही.

हे सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा खडूस रखवालदार. त्याच्याकडे दोन याद्या, एक विश्वासाची आणि एक बंदीची. विश्वासाच्या यादीत सही असेल त्याच प्रोग्रामला आत सोडतो. यादीत आधीच्या कॉम्प्युटरवाल्यानं स्वतःच्या नावानं केलेली एकच सही होती, आणि अपडेटनंतर ती चालेना. ड्रॉवरमध्ये त्याच्या घरचा पत्ता आणि नंबर सापडला. फोन लावला. त्याच्या आईनं उचलला आणि त्याला हाक मारली. भला माणूस, अर्धा तास समजावत बसला. नवी सही बनवा, यादीत घाला. ठेवताना म्हणाला, “माझं नाव तेवढं काढू नका. राहू द्या यादीत.”

मी बरं बरं म्हटलं.

बुधवार, ५

माझ्या नावाची सही यादीत घातली. त्याचं नाव बंदीच्या यादीत टाकलं. आमच्या धंद्याची रीतच आहे, गेलेल्याची सही नुसती काढायची नाही, तिच्यावर बंदी घालायची. कुणाच्या हौसेखातर कारखान्याचं दार उघडं कोण ठेवणार? कॉम्प्युटर पहिल्या फटक्यात सुरू. खाली यंत्र घरघरलं. ताईजवळ भरपूर फुशारकी मारली.

गुरुवार, ६

खुंटीवर कोट नाही. मॅनेजरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या की तुमच्याआधी इथं कुणीच नव्हतं, पहिले तुम्हीच. थट्टा समजून मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्याच्या घरी फोन लावला. त्याच आईनं उचलला.

“मला मूलबाळ नाही हो,” ती म्हणाली.

परवा याच आवाजानं त्याला हाक मारली होती. काय नावानं, ते मला आठवत नाही.

शुक्रवार, ७

दिवसभर त्याचं नाव बंदीतून काढायला बघतोय. कॉम्प्युटर ऐकत नाही. दोन्ही याद्या पुसल्या तर कदाचित जमेल, पण मग माझंही नाव जाईल. बटणापर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं. भित्रा आहे मी.

ताईनं विचारलं, ढब्बू, आवाज का बसलाय, जेवलास का? जेवलो म्हटलं. फोन ठेवल्यावर रडलो.

शनिवार, ८

कामावर दांडी मारून बसनं त्याच्या आईकडे गेलो. तिनं पाणी दिलं. भिंतीवर तिचा फोटो आहे. फोटोत तिच्या शेजारी जागा रिकामी — हात मात्र कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा, हवेत.

तिथंच मॅनेजरीणबाईंचा फोन. अपडेट पुन्हा आपोआप आलंय, कॉम्प्युटर अडलाय, तुम्ही नाही म्हणून दुसरा माणूस बोलावलाय. त्याच्याशी बोललो. उत्साही आहे, नोकरीचा पहिलाच दिवस. अर्धा तास समजावलं. न समजावून कसं चालेल, यंत्र बंद होतं. शेवटी म्हणालो, “माझं नाव तेवढं काढू नका. राहू द्या यादीत.”

तो बरं बरं म्हणाला.

ते बरं बरं मला ठाऊक आहे.

रविवार, ९

सात वाजले. फोन नाही.

सव्वासात.

मीच लावला. उचलला तिनंच. ताई, मी बोलतोय, म्हटलं —

“कोण हवंय आपल्याला?”

आपल्याला. ताई मला आपण म्हणाली. तुझा भाऊ, म्हटलं. लहानपणी तू मला सायकलवर — तिनं सगळं ऐकून घेतलं. मऊ आवाजात म्हणाली, नंबर चुकला असेल हो, मला भाऊ नाही. जेवलास का, विचारलं नाही.

वहीच्या आतल्या पानावर पहिल्याच दिवशी माझं नाव घातलं होतं. ते पान कोरं.

मागचं वाचतोय. अक्षर माझंच. सोमवारी कुणा ढब्बूबद्दल लिहिलंय, शुक्रवारीही — रोज सातला त्याची ताई त्याला —

हा ढब्बू कोण