दात गेला आणि साखर सापडली

३ नोव्हेंबर
दात पडला! खालचा, समोरचा. तबूनाची, मातीच्या भट्टीतली भाकरी तोडताना हातात आला — दुखलंसुद्धा नाही. बेचाळिसावं चालू आहे मला. बशीर म्हणाला, नवरा टकल्या, बायको बोळकी, जोडी जमली. हसले मी. तोंडावर हात ठेवून.

४ नोव्हेंबर
जहवा आली होती. थोरली बहीण, तिचे अर्धे दात केव्हाच गेलेत. तिला काहीच वाटलं नाही. दर बाळंतपणाला एक दात द्यायचा असतो म्हणे. आईनेही दिले. तू काय जगावेगळी?

६ नोव्हेंबर
दातांच्या डॉक्टर रीमकडे गेले. तिने हिरड्या दाबल्या — रक्त, पू. मग विचारायला लागली, तहान फार लागते का, रात्री लघवीला उठता का. म्हटलं, अगं बाई, मी दातासाठी आलेय! तिने बोटाला सुई टोचली. तीनशे चाळीस.
"साखर वाढली की हिरड्या सडतात. आणि हिरड्या सडल्या की साखर आवरत नाही. दोन्हीकडून पोखरलं जातंय तुम्हाला."
घरी कशी आले, आठवत नाही.

७ नोव्हेंबर
रक्ताचा अहवाल आला. मधुमेहच.

८ नोव्हेंबर
आईच डोक्यात घोळतेय. पन्नाशीत तोंडात एक दात नव्हता. शेवटच्या आठवड्यात माठच्या माठ रिकामे करायची. मग उठवूनही उठेना. श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. सगळे म्हणाले, नजर लागली. शेजारणी मधाचं पाणी पाजत होत्या.
मधाचं पाणी!

९ नोव्हेंबर
जहवाला सांगितलं, माझंही आणि आईलाही हेच असणार तेही. तपासून घे म्हटलं. भडकलीच. मेलेल्या आईला आता रोगी ठरवतेस? फोन आपटला. बशीर म्हणतो, थोडा धीर धर.

१७ नोव्हेंबर
रीमने हिरड्यांच्या आतून साफसफाई केली. गोळ्या चालू आहेत. आज सकाळची साखर दोनशेच्या खाली! जहवाचा पत्ता नाही. ऑलिव्ह उतरवायलाही आली नाही. माझंच चुकलं का?

२१ नोव्हेंबर
जहवाचा फोन. कुणाला न सांगता तपासून आली. साखर माझ्याहून जास्त. डोळेही तपासले — डावा गेलाय, परत येणार नाही. उजव्याने भागत होतं, तिला कळलंच नव्हतं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई शेवटी शेवटी आपल्याला आवाजावरून ओळखायची. आठवतं?"