मामांच्या दुकानातून निसटण्याचे प्राणिशास्त्र

३ जून, मंगळवार
निर्णय पक्का. सोमवारी सकाळी आठला डेपोत हजर व्हायचे. बसच्या सीटा शिवायचे काम. माझा दोस्त जाड्या, त्याने तिथल्या मुकादमाकडे शब्द टाकला आहे. आता फक्त मामांना सांगायचे राहिले. म्हणजे काम झाल्यातच जमा.

शाळा सुटली तेव्हापासून मामांच्या गाद्यांच्या दुकानात आहे. जेवण मामीच्या हातचे, झोप दुकानातल्या माळ्यावर. रात्री मामा बाहेरून शटर ओढून कुलूप लावतात. चोरांसाठी.

रद्दीत प्राण्यांवरचे एक मासिक सापडले. पहिले पान फाटलेले. एक मासा म्हणे शत्रू दिसला की पाणी पिऊन टम्म फुगतो. शत्रू गार. माणसाने शिकण्यासारखे आहे. उद्याच सांगतो.

४ जून, बुधवार
मामांसमोर छाती फुगवून, श्वास रोखून उभा राहिलो. मामांनी विचारले, गॅस धरलाय का रे? मामीने लगेच सोडा पाजला. मासा पाण्यात असतो, हे लक्षात घ्यायला हवे होते.

दुपारी नव्या खोळीला भोक दिसले. उंदीर. मामा म्हणाले, तो पकडेपर्यंत दुसरं एक अक्षर बोलू नकोस माझ्याशी. आता मी डेपोचे बोलणार कसा? आज्ञा म्हणजे आज्ञा.

५ जून, गुरुवार
पिंजऱ्यात पाव लावला होता. सकाळी पाव नाही, उंदीर नाही, दार सताड उघडे. काय ही बुद्धी! मामांना तसे म्हटलेही. ते म्हणाले, मग त्यालाच ठेवतो कामाला, तू जा.

'तू जा' असे स्पष्ट शब्द होते. पण हसत म्हणाले, म्हणून धरले नाहीत.

६ जून, शुक्रवार
संकटात पाल शेपूट टाकून पळते. आपणही मोह सोडायचा. माझी झोपायची गादी इथेच टाकायची. पण ती मी स्वतः शिवली आहे. पँट टाकावी, तर डेपोत काय घालू? मासिक तर मार्गदर्शक. मामीला न सांगता जाणेही बरे दिसत नाही. असे करत गेलो तर सगळी पालच सोबत न्यावी लागते.

७ जून, शनिवार
एक प्राणी मेल्याचे सोंग घेतो. शत्रू कंटाळून निघून जातो. सकाळपासून निपचित पडलो. मामा कंटाळले नाहीत. मामी उशाशी बसली आणि म्हणाली, राबून राबून वाळलंय पोरगं, महिनाभर कुठे हलू द्यायचं नाही.

जाड्या खालूनच ओरडला, सोमवारी येतोस ना रे? नाहीतर मुकादम दुसऱ्याला घेतोय. मामीने विचारले, सोमवारी काय? मी मेलेला होतो. उत्तर देणे नियमात बसत नव्हते. जाड्याने सावरले, मॅच आहे म्हणाला.

८ जून, रविवार
उंदीर सापडला! मामांनी पाठ थोपटली. म्हणाले, बोल आता, काय बोलायचं होतं? मी म्हटले, याला मारू नका, मी लांब सोडून येतो.

खरी योजना अशी : एका हातात पिंजरा, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. उंदराला सोडायचे आणि तसेच जाड्याच्या खोलीवर जायचे. आधी तो, मग मी.

माळरानावर दार उघडले. हा बाहेरच येईना! गवत दाखवले, समजावले, पिंजरा उलटा केला. नखांनी तारा घट्ट धरून बसला. त्याला एकट्याला कसे टाकू?

दिवेलागणीला आम्ही दोघे परत आलो. मामा म्हणाले, आयतं मिळतंय, जाईल कशाला? मामीने विचारले, पिशवी कसली? मी म्हटले, धुवायचे कपडे. तिने लगेच भिजत घातले.

पिंजऱ्याचे दार मी उघडेच ठेवले आहे. सकाळी आठला बघू, कोण जिंकते.

९ जून, सोमवार
आठ वाजून गेले. पँट दोरीवर, ओली. शटर उघडे.

उंदीर रात्रीच गेला. पाव संपवून, शटरच्या फटीतून, कुणालाही न सांगता.

मामांना सांगितले. म्हणाले, गेला तर गेला, तू आहेस ना. आणि ती खोळ रफू करायला माझ्या हातात दिली.

न सांगता जाण्याबद्दल मासिकात काहीच नाही. बहुधा त्या फाटलेल्या पानावर असावे.