तिला कुणी विचारलं नाही

गुरुजी, तुम्ही जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, आणि मी इथे जपानात, टोकियोतल्या फुनाबोरीत, मुलाच्या घरी राहून, सकाळी नदीच्या बांधावर फिरताना अजून तुमच्याच चालीत भुजंगप्रयात पुटपुटतो. डोळे मिटून तुम्ही कविता म्हणायचात आणि सगळी चौथी त्या लयीत डुलायची. इतकी वर्षं मी तुम्हाला त्या आवाजापुरतंच आठवत आलो. ते सोयीचं होतं.

ती सोय नातीने मोडली. ती इथेच कायदा शिकते; सध्या अमेरिकेतले गुलामगिरीचे खटले वाचते आहे. जेवताना सांगत होती, तिथे गुलामांच्या राज्यांत काळ्या माणसाची गोऱ्याविरुद्ध साक्षच घेत नसत. डोळ्यांदेखत खून झालेला असला तरी. "आणि गुलामगिरी गेल्यावर, आजोबा, त्यांना ज्यूरीतून गाळायला लागले. कारण मात्र भलतंच द्यायचे. याने नीट उत्तर दिलं नाही, त्याची नजर आवडली नाही. असले खटले अजून चालतात."

"रानटी लोक," मी म्हणालो.

"आपल्याकडे नव्हतं असं काही?"

तेव्हापासून मला तुमचा तांब्या दिसतो आहे. टेबलाच्या कोपऱ्यावर, त्याच्यावर पालथं भांडं. मधल्या सुट्टीत मी चोरून त्याला तोंड लावतो, घाईत पाणी सांडतो आणि पळतो. तुम्ही येता, सांडलेलं पाणी बघता, आणि तुमची नजर थेट दाराबाहेरच्या पायरीवर जाते, जिथे महारवाड्यातली ती एकटी मुलगी बसते. तिच्यासारखी कविता वर्गात कुणीच म्हणत नसे, आणि हे तुम्हालाही माहीत होतं.

"मी नाही, गुरुजी," ती म्हणाली.

"तुला विचारलंय का मी? गप बैस!" मग माझ्याकडे वळून, "काय रे, हीच ना?"

मी मान हलवली. तुम्ही तांब्या मलाच चिंच लावून घासायला दिलात. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. हजेरीपटावर तुम्ही कारण लिहिलंत, घरकाम. तुमचं अक्षर फार सुरेख होतं. पाठांतराचं बक्षीस त्या वर्षी मला मिळालं, कवितांचं पुस्तक. भूकंपानंतर मुलाने कपाट भिंतीला पट्ट्यांनी आवळून टाकलं, त्यात ते अजून आहे.

स्वातंत्र्याची कविता शिकवताना तुमचा गळा दाटून यायचा, आणि चार हातांवरची पायरी तुम्हाला दिसायची नाही. याचा मला आता भयंकर राग येतो. पण तुम्ही फक्त विचारलंत. खोटं मी बोललो, तेही तोंड न उघडता.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून कालचंही लिहितो. नातीला सगळं सांगून टाकलं. "काय? पाणी तुम्ही प्यायलात?" म्हणाली. मग वही ओढून म्हणाली, "हे मी सेमिनारमध्ये सांगणार. नाव काय होतं तिचं?"

तुम्ही शिकवलेली एकेक कविता मला पाठ आहे, गुरुजी. तिचं नाव काही केल्या आठवेना. नात पेन धरून थांबली होती. मी सुचलं ते एक नाव सांगितलं. तिने ते नीट लिहून घेतलं.