इथे घाम गाळू नका

२ मे
नागपूर! नोकरी! प्रताप नगरात खोलीही मिळाली, खिडकीतल्या कूलरसकट. बियाण्यांच्या संशोधन केंद्रात मी, माया, नवी सहायक. केंद्राच्या शेतातल्या सात नंबरच्या तुकड्यात अकरा वर्षं हरभरा उगवलेला नाही. तोच मला दिलाय. कारण साधं आहे. बी भिजलं की त्यातून साखर पाझरते. तिच्या चाहुलीने मातीत झोपलेली बुरशी जागी होते आणि अंकुर खाते. जागी झाल्यावर यजमान, म्हणजे पोसणारा जीव, मिळाला नाही, तर मात्र उपाशी मरते. म्हणून मी बी न पेरताच साखरपाणी देऊन तिला फसवणार, वर प्लास्टिक अंथरून उन्हात भाजणार.

४ मे
वावरातले मजूर नत्थूजी भला माणूस, पण भित्रा. म्हणाले, “या वावरात घाम नका गाळत जाऊ, म्याडम. मातीले जाग येते.” मला हसू आलं. बाबांनी जन्मभर घाम गाळला म्हणून तर मी शिकले. माझ्या आधीच्या देवराव साहेबांची बदली झाली म्हणतात. नत्थूजी म्हणतात, ते वावराबाहेर गेलेच नाहीत.

७ मे
साखरपाण्याने काहीच झालं नाही. पण माझ्या कपाळाचा घाम टपकला तिथे तासाभरात पांढरे धागे आले. मी बाजूला सरकले. धागेही तिकडे वळले.

९ मे
खोदताना जोडा सापडला. नाडी बांधलेली. आत पांढरं, गच्च. नत्थूजी काम सोडून गेले, मलाही चला म्हणाले. नाही जाणार. बुरशीला भिऊन पळाले, हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?

११ मे
सँडलची माती खोलीत सांडली होती. धागे पलंगापर्यंत — फिनाईल ओतलं, शिव्या घातल्या. भीती वाटते, खूप. पण कळलं. तिला साखर नको, मी हवी. बरं. मग मीच आमिष.

१३ मे, दुपारी १
पंचेचाळीस डिग्री. सगळ्या तुकड्यावर फिरून मनसोक्त घाम गाळला. उठली — सगळी. ये! प्लास्टिक अंथरलं. तीन कडांवर दगड. चौथीवर मी उभी —

१.२०
कुजका वास. भाजतेय ती! बाबा, जमलं —

१.३५
पाय उचलत नाही. घोट्याभोवती काहीतरी — यजमान मिळाला नाही तर मरते. यजमान —

कड सोडली तर आतली धग निसटेल, वाचेल ती. नाही सोडणार. ऊन चारपर्यंत आहे. बघू, आधी कोण मर