बाबांच्या गाडीवरचे गोल ओरखडे

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून केलाय, पण अर्ध्यातच. कमरेत उसण भरली आहे, का भरली ते पुढे येईलच.) तुझी, भावोजींची आणि भावोजींच्या गुडघ्याची तब्येत ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आईचं बीपी माझ्यापेक्षा बरं आहे. बाबा गेल्यापासून आठ महिन्यांत तू इकडे फिरकली नाहीस, त्याबद्दल मी एक अक्षर काढणार नाही. कारण मी ते काढलं की तू हॉस्पिटलात हरवलेल्या बाबांच्या अंगठीचा विषय काढशील, आणि मग पत्र राहील बाजूला. तेव्हा सरळ गाडीवर येतो.

बाबांची काळी गाडी विकायची ठरवली. नुसती गॅरेजात उभी, चालवणारं कोणी नाही. (मी चालवतो, पण आई मागच्या सीटवर डोळे गच्च मिटून बसते, त्याला चालवणं म्हणत नाहीत.) आईला विचारलं तर ‘तुझं तू बघ’ म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. गिऱ्हाईक मिळालं ते डोळ्यांचे डॉक्टर. इंजिन राहिलं बाजूला, त्यांनी खिशातली बारीक बॅटरी काढली आणि पेशंटच्या डोळ्यात मारावी तशी बॉनेटवर मारली. उजेडाभोवती बारीक गोल ओरखड्यांचं जाळंच्या जाळं उभं राहिलं. हे घालवा, म्हणाले, रविवारी येऊन गाडी घेऊन जातो. आता हे ओरखडे कोणाचे ते तुला सांगायला नको. बावीस वर्षं, रोज सकाळी पावणेसातला, जुन्या बनियनचं कोरडं फडकं घेऊन बाबा गाडी पुसायचे. पाणी लावायचं नाही, पाण्याने पत्रा गंजतो म्हणे. धुळीसकट गोल गोल, गोल गोल. आणि मला मात्र फडक्याला हात लावू द्यायचे नाहीत. ‘तू राहू दे, ओरखडे पाडशील.’ आहे की नाही कमाल!

पलीकडच्या गल्लीत एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, सगळे त्याला चकाचक म्हणतात. कोरडं फडकं हा शब्द ऐकूनच त्याने कपाळाला हात लावला. त्याने मला पॉलिशचं मशीन दिलं आणि तासभर शिकवणी घेतली. आधी गाडी धुवायची, रबराच्या कडांना टेप लावायची, मशीनच्या फोमच्या पॅडवर पॉलिशचे चार थेंब टाकायचे, पॅड पत्र्यावर टेकवायचा आणि मगच बटण दाबायचं. मी बटण आधी दाबलं. पुढचं थोडक्यात सांगतो: पॉलिश माझ्या चष्म्यावर, छतावर आणि दोरीवर वाळत घातलेल्या आईच्या नव्या चादरीवर. (चादर आता एका बाजूने फार छान चमकते.) पण एकदा हात बसल्यावर, ताई, काय सांगू! आधी उभं, मग आडवं, अजिबात न दाबता, गोगलगाईच्या चालीने मशीन नेत राहिलो. दुपारपर्यंत बॉनेट असं झालं की त्यात माझं तोंड दिसलं, आणि जन्मात पहिल्यांदा मला ते बाबांसारखं वाटलं. बॅटरी मारून बघितली, औषधालासुद्धा ओरखडा नाही. चकाचकने खूश होऊन पाठ थोपटली, ती नेमकी दिवसभर वाकून भरलेल्या उसणीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गॅरेज उघडलं, तर बॉनेटवर गोल गोल ओरखडे. तेच. डाव्या दिव्यापासून सुरू झालेले, उजव्या दिव्यापाशी थांबलेले. आणि धुळीचा कण म्हणून नाही. मी आधी मांजरावर संशय घेतला. (मांजर इतकं शिस्तीत काम करत नाही, मान्य.) मग शेजारच्या शिंप्यावर, कारण त्याच्याकडे चिंध्या फार. मग, सांगायला लाज वाटते, आईवर. पुन्हा दिवसभर मशीन फिरवलं, कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेच्या पट्ट्यात खोचली, दाराच्या फटीवर टेप चिकटवली आणि आतल्या फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरवली. सकाळी टेप जशीच्या तशी, पावडरीवर मुंगीचंसुद्धा पाऊल नाही, आणि बॉनेटवर गोल गोल. शिवाय गॅरेजात वास, दाढीच्या साबणाचा. मी दरडावून ‘कोण आहे?’ विचारायचं ठरवलं होतं, तोंडातून निघालं ‘मी काही केलं नाही.’ आई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. म्हणाली, ‘पुसू दे रे. तेवढाच त्यांचा वेळ जातो.’ आणि आत जाऊन तिने कुकर लावला. इथे माझी बोबडी वळलेली आणि हिला कुकर सुचतो!

तिसऱ्यांदा पॉलिश केलं आणि सकाळी खुर्ची टाकून गॅरेजातच बसलो. साडेसहा झाले. पावणेसात झाले. खिडकीतून ऊन बॉनेटवर आलं, सगळं स्वच्छ. तेवढ्यात मला शिंक आली. (शिंकताना माणसाचे डोळे मिटतात, त्याला मी काय करू?) डोळे उघडले तर उन्हात पहिलं वर्तुळ उमटलेलं. मग दुसरं. ताई, तुझी शपथ, माझ्या डोळ्यांदेखत उमटत होती. हात नाही, फडकं नाही, फक्त कोरड्या कापडाचा आवाज, खस्स, खस्स. आणि प्रत्येक वर्तुळ संपताना एक बारीक टक्. ‘बाबा,’ मी म्हणालो. आवाज थांबला. कोणीतरी मान वळवून आपल्याकडे बघतं तेव्हा जसं कळतं, तसं मला कळलं. मी खुर्चीसकट मागे पडलो आणि कमरेचं उरलंसुरलं काम तिथे झालं.

चकाचकला ओढत आणला. हा माणूस ओरखडे असे वाचतो, जसा पोस्टमन पत्ता. बॅटरी तिरपी धरून म्हणाला, पुसणारा उजव्या हाताचा आहे, त्याला घाई नाही, आणि बोटात अंगठी आहे. प्रत्येक गोलाच्या शेवटी एक सरळ बारीक रेघ दिसते ना, ती अंगठीची. दारांवरच्या जुन्या ओरखड्यांत ती पुसट आहे, बॉनेटवरच्या नव्यात चांगलीच खोल. मग त्याने माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी हात खिशात घातला. का घातला कोण जाणे, बोटात काहीच नव्हतं. तो म्हणाला, रंगाचा वरचा थर कांद्याच्या सालीएवढाच असतो, आणखी दोनदा घासलात तर पत्रा दिसेल. एवढं बोलून त्याने मशीन काखोटीला मारलं आणि जो सुटला, मागून वायर फरफटत गेली तरी वळून बघितलं नाही.

तर अशी सगळी हकीकत. आज शुक्रवार, परवा डॉक्टर बॅटरी घेऊन हजर होतील. भावोजी एवढं वाचत असतात, त्यांना यावर काही उपाय माहीत असेल तर कळवायला सांग. बाकी ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं आणि हात पुढे जाईना. खरं सांगतो. अंगठी हॉस्पिटलात हरवली नव्हती. नर्सने काढायला सांगितली, मी काढली आणि खिशात टाकली. ती तू पहिल्या पगारातून बाबांना केली होतीस, आणि माझ्यामागे ही ताईला परत द्यायची, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. हे मला चांगलं माहीत होतं. तू त्या बिचाऱ्या नर्सशी भांडलीस आणि मला म्हणालीस, ‘एवढी एक वस्तू तुला सांभाळता आली नाही’, तेव्हाही ती माझ्या खिशात होती. मला चोरी करायची नव्हती गं. बाबांचं सगळं कौतुक तुझ्या वाट्याला गेलं, मला साधं फडकं मिळालं नाही. त्यांचं काहीतरी एक मला हवं होतं. आठ महिने ती स्क्रूच्या डब्यात आहे, डबा कपाटात, कपाटाला कुलूप. आत्ता उघडून बघितली. तिच्या कडेला काळा रंग लागलाय.

ता. क. दुसरा, शनिवार. अंगठी सकाळीच कुरियरने तुझ्या पत्त्यावर रवाना केली. घाईत पत्र टेबलावरच राहिलं. हसू नकोस.

ता. क. तिसरा, रविवार. आज बॉनेटवर एकही ओरखडा नाही. दारांवर नाही, डिकीवर नाही, जिथे मी मशीन लावलंच नव्हतं तिथेही नाही. गाडी शोरूममधून आणल्यासारखी, आणि तिच्यावर सगळीकडे धूळ. पावणेसातला आई नेहमीसारखी चहा घेऊन दारात आली. ‘आज पुसली नाही गाडी?’ म्हणाली. चहा पार गार होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग पदर डोळ्यांना लावून आत गेली, आणि आज तिला कुकर सुचला नाही. ताई, मला रडू आलं. दहा वाजता डॉक्टर आले, बॅटरी मारून गाडीवर बेहद्द खूश झाले. मी म्हणालो, गाडी विकायची नाही. त्यांनी बॅटरी माझ्या डोळ्यांत मारून बघितली.

तेव्हा त्या उपायाचं भावोजींना विचारू नकोस. तू ये. माझ्यावर काय ओरडायचं ते इथे येऊन ओरड, पण अंगठी बोटात घालून ये, आणि सकाळी पावणेसातच्या आत गॅरेजात ये. आईने जुनी बनियन फाडून तयार ठेवली आहे. फडकं कोरडंच वापरायचं, पाण्याने पत्रा गंजतो. आणि तुझं पुसून झालं की थोडा वेळ ते माझ्या हातात दे.