एक खर्रा घोटून होईपर्यंत

बाबा, मागच्या महिन्यात मी रेडिओवरच्या निवेदकाच्या नोकरीतून निवृत्त झालो. तुम्ही असते तर म्हटलं असतं, "सुटले बिचारे ऐकणारे."

पांढरकवड्याला हायवेवर आपला पानठेला, वर फळीवर रेडिओ. मी यवतमाळ केंद्रावरून पहिल्यांदा फर्माइशी गाण्यांच्या आधी बोललो, तेव्हा आई शेजारच्या बायांना घेऊन ठेल्यापाशी उभी होती. माझा आवाज आला आणि तुम्ही पोराचा कान पिळावा तसं बटन पिळलं. रेडिओ मुका. आई म्हणाली, "अवो, आपला पोरगा बोलून राह्यला ना!" तुम्ही म्हणाले, "घरी काय कमी बोलते? गाणं लागू दे." मग प्लॅस्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घेऊन खर्रा घोटत बसले. पुडी बांधली, बटन फिरवलं, तर गाणं नुकतंच सुरू होत होतं. पुढं हे रोजचंच झालं. ट्रकवाले हसायचे. तुम्ही त्यांना सांगायचे, "गाणारा वेगळा, वाजवणारा वेगळा. हा कोण? दुसऱ्याच्या वरातीपुढं नाचणारा."

आई मात्र माझी समजूत घालायची. "तू कधी थांबतं ते त्याहिले इतकं नेमकं कसं समजते? बारीक आवाजात ऐकत असन रे." मला हे इतकं गोड वाटलं, की एकदा मी कार्यक्रम आधीच रेकॉर्ड करून ठेवला, पहिल्या गाण्याआधी मुद्दाम दोनच वाक्यं बोललो, आणि तो लागायच्या वेळी ठेल्यावर येऊन उभा राहिलो. ऐकत असाल तर हात लवकर उठेल. देवाकडं बघावं तसा मी तुमच्या हाताकडं बघतोय. हात घोटतोय. आता गाणं लागलं असणार. मुखडाही गेला असणार. हात घोटतोच आहे. पुडी बांधून तुम्ही बटन फिरवलं तेव्हा अंतरा चालू होता. माझ्याकडं पाहून म्हणाले, "अर्धं गाणं खाल्लं ना बे! एवढं एक काम, तेही धड जमत नाही तुले." आई तोंड फिरवून चुन्याची डबी पुसत राहिली, पुसलेलीच.

त्या दिवसापासून मी माझं बोलणं तुमच्या खर्र्याच्या मापात बसवलं. तुम्ही गेले, ठेला गेला, माप तेच राहिलं. निरोपाच्या दिवशी साहेब म्हणाले, "काय मोजूनमापून बोलता हो तुम्ही! शिकले कोणाकडं?" म्हटलं, "घरीच." ते म्हणाले, "आज घड्याळ पाहू नका, पाहिजे तेवढं बोला." ऐकणाऱ्यांचे आभार मानायचे होते, मग आईबद्दल बोलायचं होतं. आईचं नाव यायच्या आतच माझ्या मनात तुमची पुडी बांधून झाली. मी थांबलो. गाणं सोडलं.

हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून उशीखाली ठेवतोय. पण एक सांगतो, बाबा. निरोपाच्या दिवशी थांबलो तेव्हा मला तुमचा राग यायला पाहिजे होता. मला भीती वाटली, तुमचा मुखडा चुकेल.